कांद्याचं धोरण रातोरात बदलतं, तेव्हा शेतकरी कंपनीच्या संचालक मंडळाने निर्णय घ्यायचा कसा?

निफाडकर_संचालक

नमस्कार मंडळी. नाशिक जिल्ह्यातली आमची शेतकरी उत्पादक कंपनी. सहाशेच्या वर सभासद, दहा संचालक, भागभांडवल आणि इक्विटी ग्रँट (भागभांडवलाला जोड म्हणून मिळणारं सरकारी अनुदान) धरून पदरचे पैसे सुमारे २० लाख, कांदा साठवायच्या ५०० टनांच्या चाळी. सीईओ तरुण आहे, कृषी पदवीधर, कामाला चोख.

घोडं अडतं ते निर्णयापाशी. "विकायचा की ठेवायचा" या एका प्रश्नावर प्रत्येक बैठक संपते. ज्याचा आवाज मोठा त्याचं चालतं, नाहीतर सगळे अध्यक्षांच्या तोंडाकडे बघत बसतात. निर्यातीचा नियम बदलला की सीईओ अध्यक्षांच्या फोनची वाट बघतो, अध्यक्ष आणखी चार जणांना विचारतात आणि तोवर बाजार खाली आलेला असतो. नेतृत्वाची प्रशिक्षणं झाली, पण त्यात ध्येय आणि दृष्टी यांच्या पलीकडे फारसं काही हाती लागलं नाही.

मला तीन गोष्टी हव्या आहेत. कंपनीने स्वतःच्या नावावर माल किती घ्यावा, हे ठरवायचं कशाच्या आधारे? आणीबाणीत निर्णय कोणी घ्यायचा? आणि दहा संचालकांना अशा निर्णयांची सवय कशी लावायची? जाणकारांनी आकड्यांसकट सांगावं.

---

ताळेबंद

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे.

बहुतेक मंडळं सुरुवात "भाव किती होईल" इथून करतात. ते कोणालाच ठाऊक नसतं, म्हणून वाद संपत नाही. सुरुवात करा ती "किती बुडालं तर कंपनी तगेल" इथून. हा आकडा मंडळाला ठरवता येतो, त्याला भविष्य कळावं लागत नाही.

हिशेब मांडून दाखवतो, तुमचे आकडे घालून बघा. एप्रिलमध्ये १,५०० रुपये क्विंटलने कांदा घेतला. हमाली, प्रतवारी, भराई आणि राखण मिळून १०० रुपये धरा. १२ टक्क्यांनी पाच महिन्यांचं व्याज ७५. झाले १,६७५. सप्टेंबरअखेर घट २५ टक्के आली, तर क्विंटलचा पाऊण क्विंटल उरला. म्हणजे नुसती बरोबरी साधायला २,२३३ रुपये भाव लागतो. घट ३५ टक्क्यांवर गेली की हाच आकडा २,५७७ होतो. बैठकीत "१,५०० चा घेतला, २,००० ला विकला, पाचशे सुटले" असं बोललं जातं, तेव्हा प्रत्यक्षात तोटा झालेला असतो.

आता वाईटातलं वाईट धरा. घट ३५ टक्के आणि भाव १,२००. हातात आले ७८०, खर्च १,६७५, तोटा क्विंटलमागे ८९५. तुमच्या २० लाखांपैकी एका हंगामात चौथा हिस्सा, म्हणजे ५ लाख, गेला तरी कंपनी उभी राहील असं मंडळाने मानलं, तर ५ लाख भागिले ८९५ म्हणजे साधारण ५५८ क्विंटल. ५०० टनांच्या चाळीत कंपनीच्या मालकीचा कांदा ५५-५६ टनच असावा. चाळ रिकामी आहे म्हणून ती कंपनीच्या पैशाने भरायची, हा मोह बऱ्याच कंपन्यांना भोवतो.

उरलेली चाळ सभासदांच्या खात्यावर भरा. माल त्यांचा, साठवण आणि विक्रीची सेवा तुमची. खर्च वजा जाता क्विंटलमागे ६० रुपये सेवाशुल्क धरलं, तरी सुमारे ४,४४० क्विंटलवर अडीच लाखांच्या वर उत्पन्न येतं आणि भाव पडला तरी ते बुडत नाही.

संचालकांना हा हिशेब सीईओने करून दाखवू नये. प्रत्येकाला कागद-पेन द्या आणि घटीचा व भावाचा आकडा बदलून तीनदा करायला लावा. स्वतःच्या हाताने ८९५ काढलेला माणूस "अजून महिनाभर थांबू" असं सहज म्हणत नाही.

---

कलम_३७८

दुसरा प्रश्न अधिकारांचा. इथे कायदा नीट वाचलेला नसतो म्हणून गोंधळ होतो.

उत्पादक कंपन्यांच्या तरतुदी कंपनी कायदा २०१३ मध्ये कलम ३७८-ए पासून पुढे आहेत. भावाचा निर्णय लवकर व्हावा म्हणून पुष्कळ कंपन्या तीन-चार संचालकांची "विक्री समिती" नेमतात आणि तिला विक्रीचे अधिकार देऊन टाकतात. हे चालत नाही. ३७८-यू प्रमाणे मंडळ कितीही समित्या नेमू शकतं, पण त्या मंडळाला मदत करण्यापुरत्या. मंडळाचे अधिकार समितीला देता येत नाहीत आणि सीईओचेही देता येत नाहीत. उद्या तोटा झाला आणि एखाद्या सभासदाने हरकत घेतली, तर समितीचा निर्णय टिकणार नाही.

अधिकार द्यायचा तो सीईओला. ३७८-डब्ल्यू मध्ये पूर्णवेळ मुख्य कार्यकारी सक्तीचा आहे, तो सभासदांमधला नसावा असंही म्हटलं आहे, आणि मंडळ ठरवेल तेवढे व्यवस्थापनाचे भरीव अधिकार त्याच्याकडे असावेत अशी अपेक्षा आहे. म्हणून हंगामाआधी, मार्चच्या बैठकीत, मर्यादा घातलेला ठराव करा. त्यात चार गोष्टी आकड्यांत हव्यात: सीईओ एका दिवसात स्वतःच्या सहीने किती क्विंटल विकू शकतो, कोणत्या भावाखाली त्याने अध्यक्षांना कळवलंच पाहिजे, कोणती घटना घडली की तो न विचारता विक्री सुरू करेल, आणि किती तासांत मंडळाला लेखी कळवेल. "परिस्थितीनुसार योग्य तो निर्णय घ्यावा" असं वाक्य ठरावात आलं की तो ठराव असून नसल्यासारखा. सीईओ पुन्हा फोनची वाट बघत बसतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो.

बैठकीची नोटीस सात दिवस आधी द्यावी लागते. कमी मुदतीत बैठक बोलावता येते, पण कारणं लेखी नोंदवावी लागतात. गणपूर्तीला एक तृतीयांश संचालक, किमान तीन. तुमच्या दहात चार लागतील. कोणते चार जण संध्याकाळी तासाभरात जमू शकतात, ते आधीच ठरवून ठेवा.

आणखी एक हत्यार कायद्यातच आहे आणि ते फार कमी वापरलं जातं: रोखून ठेवलेली किंमत. सभासदाला माल देताना मंडळ ठरवेल तेवढी रक्कम आधी द्यायची, बाकीची नंतर रोख, वस्तुरूपात किंवा शेअरच्या रूपात द्यायची. भावाची जोखीम कंपनीच्या माथी न येता माल एकत्र करायला याइतकी सोयीची दुसरी तरतूद नाही. पण आगाऊ रक्कम ठरवताना ताळेबंद यांचाच हिशेब लावा. १,५०० च्या ६० टक्के, म्हणजे ९०० रुपये उचल सुरक्षित वाटते. ती सुरक्षित नाही. वाईट वर्षात हातात ७८०, त्यातून १०० खर्च आणि ६० सेवाशुल्क गेलं की ६२०. उचल ६०० दिली तर तिच्यावरचं पाच महिन्यांचं व्याज ३०. उरले ५९०. म्हणजे ४० टक्के उचलसुद्धा काठावर आहे. ९०० देऊन बसलात तर तीनशेच्या आसपास रक्कम सभासदाकडून परत मागावी लागेल, आणि ती परत येत नसते.

---

लासलगाव_लाईन

दोघांनी पाया घातला आहेच. मी बाहेरच्या धक्क्यांबद्दल लिहितो, कारण "धोरण कधी बदलेल सांगता येत नाही" हे अर्धंच खरं आहे. दिवस सांगता येत नाही, पण काळ बऱ्यापैकी सांगता येतो.

तारखा समोर ठेवा. २०१९ मध्ये १३ सप्टेंबरला टनामागे ८५० डॉलर किमान निर्यात मूल्य (त्याखालच्या दराने माल बाहेर पाठवता येत नाही) लागलं आणि २९ सप्टेंबरला बंदी आली. २०२० मध्ये १४ सप्टेंबरला थेट बंदी, मधली पायरीच नाही. २०२३ मध्ये १९ ऑगस्टला ४० टक्के निर्यात शुल्क, २८ ऑक्टोबरला ८०० डॉलर किमान मूल्य, ८ डिसेंबरला बंदी. ती ४ मे २०२४ ला उठली, तीही ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. १३ सप्टेंबर २०२४ ला किमान मूल्य गेलं, शुल्क २० टक्क्यांवर आलं, आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही गेलं.

यातून मंडळाने तीन गोष्टी शिकाव्यात. घट्ट करणारे हे सगळे निर्णय ऑगस्टच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंतचे आहेत. उन्हाळी कांदा चाळीत संपत आलेला असतो, नवा खरीप पुरेसा आलेला नसतो, शहरात किरकोळ भाव चढतात आणि सरकारवर दबाव येतो. म्हणून १५ ऑगस्टनंतर कंपनीच्या मालकीचा किती माल शिल्लक असावा, ही मर्यादा वेगळी ठरवा आणि ती कमीत कमी ठेवा. दुसरं, पायऱ्या असतीलच असं नाही. २०२३ सारखी चढण मिळाली तर पहिल्या पायरीला हालचाल करा, पण २०२० सारखा थेट घाव बसेल असं धरूनच साठा ठेवा. तिसरं, १९ ऑगस्ट आणि २८ ऑक्टोबर २०२३ हे दोन्ही शनिवार, २९ सप्टेंबर २०१९ रविवार. "सोमवारी बघू" म्हणणारी कंपनी दोन दिवस आधीच हरलेली असते. किमान मूल्य आणि बंदी डीजीएफटीच्या (केंद्राचं विदेश व्यापार महासंचालनालय) अधिसूचनेने येते, शुल्क अर्थ मंत्रालयाच्या. दोन्ही संकेतस्थळं रोज संध्याकाळी बघायचं काम एका माणसाच्या नावावर करा. फिरून आलेल्या व्हॉट्सॲप मेसेजवर माल हलवू नका.

धक्का फक्त भावाचा नसतो, हेही लक्षात घ्या. ऑगस्ट २०२३ मध्ये शुल्काच्या निषेधार्थ नाशिक जिल्ह्यातले लिलावच बंद पडले, आणि पुन्हा २० सप्टेंबरपासून जवळपास दोन आठवडे. "शुल्क लागलं की ७२ तासांत विकायचं" असा ठराव तुमच्याकडे आहे आणि लिलावच होत नाहीत, मग? त्यासाठी बाजार समितीबाहेरचे निदान दोन खरेदीदार आधीपासून हवेत, थोडा का होईना माल दर महिन्याला त्यांना जात असलेला हवा. अडचणीच्या दिवशी पहिल्यांदा फोन केलेला परराज्यातला व्यापारी पडेल भावच सांगणार. कांदा वाळवणाऱ्या निर्जलीकरण कारखान्यांवरही फार भिस्त ठेवू नका, त्यांना मुख्यतः पांढरा कांदा लागतो.

नाफेडच्या (केंद्रासाठी कांदा घेणारा सहकारी महासंघ) खरेदीला एक पर्याय म्हणून जरूर धरा. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने २,४१० रुपये क्विंटल दराने खरेदी जाहीर केली होती. पण पैसे उशिरा आले तर तेवढे दिवस खेळतं भांडवल कुठून आणणार, हे ठरल्याशिवाय आकडा भरू नका.

निर्यातदाराशी करार करताना एकच वाक्य हट्टाने घाला: माल ट्रकमध्ये चढल्यानंतर धोरण बदललं तर नवं शुल्क आणि परतीचं भाडं कोणाचं. हे वाक्य नसलं की बंदरावर अडकलेल्या कंटेनरचा भार शेवटी शेतकऱ्याच्या देण्यातून कापला जातो.

---

निफाडकर_संचालक

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन अडचणी लगेच दिसतात. जूनमध्ये सभासदाला बी-बियाणं आणि खतासाठी रोख लागते. ४० टक्के उचल ऐकून तो माल सरळ व्यापाऱ्याच्या खळ्यावर नेईल. दुसरी, सीईओला अधिकार द्यायचे म्हटलं की जुने संचालक म्हणतात, "मग आम्ही कशाला?"

---

गटबांधणी_ताई

दादा, पहिल्या अडचणीचं उत्तर टप्प्यांत आहे. सभासदाचा माल तीन भागांत विकायचा असं आधीच जाहीर करा: एक भाग जूनअखेरपर्यंत, दुसरा १५ ऑगस्टपर्यंत, तिसरा सप्टेंबरअखेर. पहिल्या भागाचा पूर्ण हिशेब जूनमध्येच चुकता करायचा. उचल आणि एका भागाचे पैसे मिळून पेरणीची गरज बरीचशी भागते. तारखा पक्क्या ठेवा, सीईओला दहा दिवस मागेपुढे करायची मुभा द्या, त्यापेक्षा जास्त नको. यात सर्वोच्च भाव कधीच मिळणार नाही, आणि हे सभासदांना मार्चमध्येच स्पष्ट सांगायचं. वार्षिक सभा बहुतेक कंपन्यांची सप्टेंबरात होते, तोवर हंगाम सरत आलेला असतो, म्हणून गावोगावच्या गटबैठका मार्चमध्ये घ्या आणि प्रत्येकाची सही घ्या. जूनमध्ये विकल्यावर ऑगस्टात भाव चढला की पहिला बोल संचालकांना लागतो. तो दिवस येणारच. त्या दिवशी मंडळ डगमगलं आणि दुसऱ्या भागाची तारीख सोडून बसलं, की पुढच्या वर्षी त्या वेळापत्रकावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

दुसऱ्या अडचणीबद्दल मला जास्त कळकळीने सांगायचं आहे. संचालकांचं काम रोजचा भाव ठरवणं नाही, मर्यादा ठरवणं आणि त्या पाळल्या जातात का ते बघणं आहे. हे भाषणातून पटत नाही, सरावातून पटतं. महिन्यातून एकदा दीड तास, पुढाऱ्यांशिवाय आणि चहा-फराळाच्या लांबणीशिवाय.

पहिली पंधरा मिनिटं कोणी बोलायचं नाही. प्रत्येकाने चिठ्ठीवर दोन गोष्टी लिहायच्या: पुढच्या महिनाअखेर भाव किती असेल आणि आज आपण काय करावं. नाव लिहायचं नाही. सीईओ चिठ्ठ्या वाचतो आणि फळ्यावर आकडे मांडतो. सरासरी काढू नका. सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा आकडा बघा. एकाने १,१०० लिहिले आणि दुसऱ्याने ३,०००, तर मंडळाला भाव माहीत नाही हे फळ्यावरच दिसतं आणि कोणाचा अपमान होत नाही. मग बोलायचा क्रम: सगळ्यात नवा संचालक आधी, महिला संचालक त्यानंतर लगेच, अध्यक्ष सगळ्यात शेवटी. अध्यक्ष आधी बोलले की बाकीच्या नऊ जणांचं मत तिथेच संपतं. हा एक नियम अध्यक्षांनी मनावर घेतला, तर मंडळ दोन-तीन बैठकांत वेगळं दिसू लागतं.

पुढची चाळीस मिनिटं एक बनावट प्रसंग. "आज शनिवार, संध्याकाळचे सात. ४० टक्के शुल्काची अधिसूचना आली. चाळीत इतका माल, दोन ट्रक वाटेत, सोमवारी लिलाव बंद राहण्याची चर्चा." कोण कोणाला फोन करतो, वाटेतल्या ट्रकचं काय, सभासदांच्या ग्रुपवर कोणता मजकूर जातो, हे प्रत्यक्ष करायला लावा. फोनसुद्धा खरे लावा. हमखास उघडं पडतं ते हे: ट्रकचालकाचा नंबर फक्त एकाच माणसाकडे असतो, बँकेवर सही करणारे दोघेही लग्नाला गेलेले असतात, आणि सभासदांना काय सांगायचं याचा मजकूर कोणाकडेच नसतो. तो मजकूर आजच लिहून ठेवा. चार ओळी पुरेत: काय बदललं, आपला किती माल शिल्लक आहे, आपण काय करतो आहोत, पुढची माहिती कधी देणार. शेवटची ओळ विसरू नका, नाहीतर ग्रुपवर अफवाच चालतात.

उरलेल्या वेळात निर्णय वही. एका पानावर एक निर्णय: तारीख, त्या दिवशीचा भाव, काय ठरलं, कशाच्या भरवशावर ठरलं, काय दिसलं तर आपण चुकलो असं मानू, आणि पुन्हा कधी बघणार. तीन महिन्यांनी जुनं पान उघडायचं. इथे एक चूक सर्रास होते. भाव वाढला म्हणून "थांबलो ते बरोबरच होतं" असं लिहिलं जातं. थांबण्याचं कारण खरं ठरलं का, तेवढंच तपासा. चुकीच्या कारणाने झालेला फायदा पुढच्या वर्षी दुप्पट साठा करायला लावतो, आणि तेव्हा कंपनी गळ्यापर्यंत अडकते.

बाहेरचा माणूस हवा असेल तर तज्ज्ञ संचालक घ्या. एकूण संचालकांच्या एक पंचमांशापर्यंत घेता येतात, तुमच्याकडे दोन. एक बँकिंग जाणणारा, एक परराज्यातला बाजार जाणणारा. अध्यक्षांच्या निवडीत त्यांना मत नसतं, त्यामुळे गावच्या राजकारणापासून ते जरा लांब राहतात.

---

चाळवाला

वरचा सगळा हिशेब घटीच्या आकड्यावर उभा आहे, आणि बहुतेक कंपन्या तो अंदाजाने सांगतात. "यंदा माल टिकाऊ आहे" हे वाक्य मंडळात चालू देऊ नका. मोजा.

चाळ भरताना जाळीच्या पिशव्यांत प्रत्येकी २० किलो कांदा तोलून घाला, पिशवीला रंगीत दोरी बांधा आणि थरात दाबा: काही तळाला, काही मध्ये, काही वर. फक्त वरच्या ठेवल्या तर आकडा फसवा येतो, कारण तळाला आणि मध्यभागी हवा कमी आणि सड आधी तिथेच सुरू होते. पिशवी बाहेर काढता येईल अशी कडेला ठेवा, पण अगदी कडेला नको, तिथे वारा लागून माल बरा दिसतो. दर पंधरवड्याला वजन करा आणि सडका, कोंब आलेला, चांगला असे तीन ढीग वेगळे तोला.

घट सारखी होत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात वजन घटतं, माल दिसायला चांगलाच राहतो. पावसाळी दमट हवेत सड वाढते. सप्टेंबरपासून कोंब फुटायला लागतात. म्हणून जूनमधला ८ टक्क्यांचा आकडा बघून "महिन्याला चार टक्के" असा सरळ गुणाकार करू नका, पुढचा वेग वेगळा असतो. दोन वजनांमधली सड दुप्पट झाली की त्या चाळीचा माल वेळापत्रकाच्या तारखेआधी काढायचा, भाव काहीही असो. हा नियम ठरावात घाला. सडका ढीग वास येईपर्यंत थांबला तर शेजारचा चांगला मालही जातो.

कोणत्या सभासदाचा माल आधी हलवायचा, हे भरताना केलेल्या नोंदीवर ठरवा: पात पडल्यावर काढला का, काढणीआधी पाणी कधी तोडलं, सावलीत किती दिवस सुकवला, मान (कांद्यावरचा देठ) किती ठेवून कापला. मान अगदी मुळाशी कापलेला आणि ओल्या मानेचा माल पहिल्या टप्प्यातच घाला. नाहीतर तिसऱ्या टप्प्यात त्याची घट चांगला माल देणाऱ्यांच्या हिशेबातून कापली जाते, आणि ते सभासद पुढच्या हंगामात कंपनीकडे फिरकत नाहीत. म्हणून टप्प्याचा हिशेब सगळ्यांचा एकत्र न करता प्रतीनुसार वेगळा ठेवा, आणि वजनाचे पंधरवड्याचे आकडे चाळीच्या दारावरच्या फळ्यावर लिहा.